फीच्या पावत्या : आपल्या खेळाडू शिक्षण निधीची वाटचाल

संस्थेच्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, एक पावतीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले आहे. स्मरणिकेसाठी निधीचा इतिहास लिहायचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिले, तेव्हा मी आधी ते बाहेर काढून गॅलरीतल्या उन्हात ठेवले. पुठ्ठा फुगलेला, कडा तपकिरी झालेल्या. वर ‘गणेशोत्सव वर्गणी’ असे छापलेले आहे आणि त्या दोन शब्दांवर निळ्या पेनाने आडवी रेघ मारलेली आहे. पहिल्या स्थळप्रतीवर देणगीदाराचे नाव आता वाचता येत नाही, कारण ओलसर कागदावर शाई फुटली आहे. मात्र त्याखाली ‘कशासाठी’ या रकान्यात जे लिहिले आहे ते अजून स्वच्छ दिसते : ‘मुलांची फी व वह्यापुस्तके’.

त्यात बॅट नाही, बूट नाहीत, स्पर्धेची प्रवेश फी नाही. मैदानावर जमणाऱ्या मुलांसाठी काढलेल्या निधीची पहिली पावती शाळेच्या फीसाठी फाडली गेली. निधीने पुढे जे काही केले, जिथे चुकला आणि जिथे सावरला, ते सारे या रकान्याशी जोडलेले आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ते पुस्तक भिजले २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईबाहेरच्या लोकांना त्या दिवसाच्या आठवणीत मिठी नदी आणि कुर्ला-कालिना एवढेच ठाऊक असते. इकडे उपनगराच्या उत्तरेला ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या नद्याही तशाच फुगल्या होत्या. राष्ट्रीय उद्यानातून उतरणारी दहिसर नदी एरवी बोरिवलीकरांच्या लेखी नालाच. त्या रात्री ती काठच्या चाळींमध्ये कमरेएवढी शिरली. आमच्या कार्यालयाची खोली तळमजल्यावर, तिथेही पाणी आले. गणेशोत्सवासाठी नुकतीच छापून आणलेली पुस्तके टेबलाच्या खणात होती. वरची भिजली, तळाची तर लगदाच झाली.

दोन-तीन आठवड्यांनी मैदान चालण्याजोगे झाले आणि संध्याकाळचा सराव पुन्हा सुरू झाला. आमचे प्रशिक्षक सर महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, हजेरी घ्यायची सवय अंगात मुरलेली. मुले मोजली तर बरीच कमी. सर सायकल काढून एकेकाच्या घरी गेले. परत आल्यावर कार्यालयात बसून त्यांनी जे सांगितले ते मी तिथे होतो म्हणून मला जसेच्या तसे आठवते. ते म्हणाले, “पोरं खेळ सोडत नाहीयेत. शाळा सोडतायत. खेळ त्याच्या मागोमाग सुटतोय.”

दप्तर वाहून गेले, गणवेश चिखलाने कुजला, घरातली थोडीफार शिल्लक पत्रे आणि गाद्या घेण्यात संपली. फी थकली की मुलगा वर्गात उभा राहायला लाजतो. वर्गात जात नाही म्हणून दुपारी कुठेतरी कामाला लागतो, आणि कामाला लागला की संध्याकाळी मैदानावर येणार कसा? सरांनी ही साखळी सांगितली आणि त्याच बैठकीत वर्गणीपुस्तकावर ती निळी रेघ मारली गेली. नवी पुस्तके छापून घ्यायला सवड नव्हती. त्या वर्षी गणपतीची आरास साधी झाली आणि आरतीनंतर रोज दोन कार्यकर्ते तेच पुस्तक घेऊन इमारतींचे जिने चढले.

त्या वर्षीच्या मदतीचे पुढे काय करायचे, असे कुणाच्या मनात नव्हते. पूर ओसरला, पुस्तके मिळाली, काम झाले. पण जून उजाडला तसे दोन पालक आले. फी नव्या वर्षाचीही भरावी लागते, हे आम्ही विसरलो होतो. निधी कायमचा झाला तो तिथे.

याच बोरिवलीत घडलेली एक गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी नेहमी असते. पैसे मागायला आम्ही कुणाच्या दारात गेलो की तीच सांगत आलो आहोत. आई-वडिलांची परिस्थिती बेताची म्हणून रोहित शर्मा बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे राहून वाढला. १९९९ च्या सुमारास काकांनी पैसे जमवून त्याला क्रिकेटच्या शिबिरात घातले. तिथे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला पाहिले आणि आपल्या शाळेत, बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये, यायला सांगितले. अडचण फीची होती. महिना २७५ रुपये. काकांना ते परवडणारे नव्हते. लाड सरांनी शाळेच्या चालकांकडे शब्द टाकला आणि फी माफ झाली. मुलगा तेव्हा ऑफस्पिन टाकायचा, खाली आठव्या क्रमांकावर फलंदाजीला यायचा. त्याच्या फलंदाजीचा पत्ता लागला तो त्या शाळेत आल्यानंतर.

ही गोष्ट ऐकून लोक बहुधा ‘बघा, हिरा कसा हेरला’ असे म्हणतात. मला त्यातला २७५ हा आकडा महत्त्वाचा वाटतो. एका महिन्याची फी, तीही घरच्यांना जड. शाळेच्या कचेरीत एका माणसाने दोन शब्द बोलायची तसदी घेतली नसती, तर पुढचे काहीच झाले नसते. आणि फी माफ करताना तो मुलगा आठव्या क्रमांकाचा फलंदाज होता, हेही विसरू नये. लाड सरांनी पुढे पालघरच्या शार्दूल ठाकूरला रोजच्या लोकलच्या प्रवासातून सोडवण्यासाठी स्वतःच्या घरी ठेवून घेतले. २०२२ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. त्यांचा आणि आमच्या संस्थेचा काही संबंध नाही. आनंद मात्र घरचाच होता.

आता बेसबॉलकडे येतो, कारण आज निधीच्या यादीत सर्वाधिक नावे त्याच खेळातली आणि त्याच्या बहिणीची, सॉफ्टबॉलची आहेत. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते. क्रिकेटच्या मुंबईत हा खेळ कुठून आला? आमच्या मैदानावर तो एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेमुळे आला. त्यांच्या शाळेतल्या मुलींना शालेय स्पर्धांसाठी सॉफ्टबॉलचा संघ उतरवायचा होता आणि शाळेला पटांगण नव्हते. संध्याकाळी मैदानाचा एक कोपरा त्यांनी मागितला, आम्ही दिला. सॉफ्टबॉलच्या मागोमाग बेसबॉलही त्याच कोपऱ्यात आला. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मोठा, बारा इंच घेराचा, आणि पिचर तो खालून हात फिरवून टाकते. बेसबॉलचा चेंडू नऊ इंच घेराचा, वरून फेकायचा. पिचरपासून होम प्लेटपर्यंत साठ फूट सहा इंच, एका बेसपासून दुसरीपर्यंत नव्वद फूट. आमच्या कोपऱ्यात नव्वद फुटांचा चौकोन बसतच नव्हता. तिसरी बेस क्रिकेटच्या खेळपट्टीवर यायची. दोन्ही खेळांच्या मुलांची त्यावरून बाचाबाची व्हायची. शेवटी मंगळवार, गुरुवार आणि शनिवार क्रिकेटने माघार घ्यावी असे ठरले. ठरवले मुलांनीच. विटीदांडू आणि लगोरी खेळलेल्या आजोबांना हा खेळ चटकन कळला, हे मी स्वतः पाहिले आहे. मारायचे, पळायचे आणि चेंडू यायच्या आत जागेवर पोचायचे. कट्ट्यावर बसून ते ‘स्लाइड मार, स्लाइड मार’ म्हणून ओरडू लागले.

सुरुवातीला सगळ्या संघात मिळून ग्लव्ज पाचच. बेसबॉलचा ग्लव्ज ज्या हाताने फेकायचे त्याच्या उलट्या हातात घालतात. पाचही ग्लव्ज उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे, म्हणजे डाव्या पंजाचे. एक मुलगी डावखुरी. ती चेंडू डाव्या हातातल्या ग्लव्जमध्ये पकडायची, ग्लव्ज काखेत दाबून काढायची, चेंडू त्याच डाव्या हातात घ्यायची आणि फेकायची. या एवढ्या खटाटोपात धावणारी पुढची बेस गाठायची. तरी ती खेळत राहिली. पुढे एका देणगीदाराने उजव्या पंजाचा ग्लव्ज आणून दिला, तोही जुना, बोटांमधली चामड्याची वेणी तुटलेली. स्टेशनाबाहेर बसणाऱ्या चर्मकार काकांकडे तो नेला. त्यांनी असली वस्तू आयुष्यात पाहिली नव्हती. हात घालून पाहिला, मूठ उघडझाप केली, चेंडू मागवून घेतला आणि तो आत बसतो का ते तपासले. मग बुटाच्या चामड्याची पट्टी कापून, मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक भोकातून ओवत त्यांनी अख्खी वेणी नव्याने विणली. दीड तास गेला. पैसे विचारले तर म्हणाले, “पोरीला सांग, चेंडू सोडायचा नाही.” त्या दिवशी रात्री आम्ही त्यांच्या नावाची पावती फाडली. रकमेच्या जागी ‘ग्लव्ज दुरुस्ती’ असे लिहिले आहे. हिशेब तपासनिसांनी त्यावर प्रश्नचिन्ह काढले होते, ते अजून तसेच आहे.

क्रिकेटच्या मुलाला निदान एक स्वप्न दिसत असते. आयपीएल आहे, कंपन्यांचे संघ आहेत, दूरदर्शनवर चेहरा आहे. बेसबॉलच्या मुलाला आपल्याकडे यातले काही नाही. २००८ साली एका अमेरिकन क्रीडा-व्यावसायिकाने भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची चेंडूफेकीची स्पर्धा भरवली आणि त्यातून रिंकू सिंग व दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने करारबद्ध केले. त्यावर २०१४ साली हॉलिवूडने चित्रपटही काढला. आमच्या मुलांनी तो पाहिला आणि आठवडाभर मैदानावर सगळेच पिचर झाले. पण एवढ्या मोठ्या देशातून दोघे गेले, हा हिशेब मुलींच्या आयांना आमच्याआधी कळला. त्या विचारायच्या, यातून पुढे काय? प्रश्न रास्त होता आणि उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे होते. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, कॉलेजच्या प्रवेशाला थोडा उपयोग होतो. पण यातली प्रत्येक गोष्ट शिक्षणाच्या दारातूनच मिळते. दहावीलाच न बसलेल्या मुलीला सवलतीचे गुण कुठे लावणार? म्हणूनच बेसबॉल खेळणाऱ्या मुलीची फी भरणे मला क्रिकेटरच्या फीपेक्षाही निकडीचे वाटत आले आहे. तिच्या खेळाला बाजारात किंमत नाही, तेव्हा तिच्या हातात पदवी तरी हवी.

पैसे कसे जमले, याचीही नोंद असायला हवी. पहिल्या वर्षांत सगळी मदार देणगी प्रवेशिकांवर होती. नाटकाचा एक प्रयोग ठरावीक रकमेला विकत घ्यायचा, प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिराची तारीख मिळवायची आणि प्रवेशिका घरोघरी खपवायच्या. तारीख मिळवणे हेच अर्धे काम. शनिवार-रविवारच्या तारखा निर्मात्यांकडे आधीच गेलेल्या असतात, आमच्या वाट्याला बहुधा आठवड्यातली दुपार यायची. प्रवेशिका घेणारे सगळे नाटकाला येत नाहीत. कित्येक जण पैसे देऊन कागद परत करायचे, ‘दुसऱ्याला द्या’ म्हणायचे. त्या परत आलेल्या जागांवर आम्ही मुलांच्या आई-वडिलांना बसवत असू. आयुष्यात पहिल्यांदा नाट्यगृहात आलेली एक आई मध्यंतरात बाहेर येऊन मला म्हणाली, “हे माझ्या मुलाच्या फीसाठी चाललंय होय?” मला उत्तर सुचले नाही.

एका वर्षी प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून मुसळधार पाऊस लागला, लोकल थांबल्या आणि निम्मे नाट्यगृह रिकामे राहिले. आणखी एका वर्षी एका कंपनीने स्मरणिकेच्या मलपृष्ठाची जाहिरात तोंडी कबूल केली. आम्ही पान राखून ठेवले, अंक छापला, आणि पैसे आलेच नाहीत. त्या जूनमध्ये चार मुलांच्या फीचे हप्ते पाडून घ्यावे लागले. तेव्हापासून आगाऊ रकमेशिवाय पान द्यायचे नाही असा नियम झाला, आणि मुलांना शब्द द्यायचा तो हातात असलेल्या पैशांवर, येणार असलेल्या पैशांवर नव्हे, असाही. हा दुसरा नियम आमच्या खजिनदार काकांचा. त्यांनी निधीच्या प्रत्येक पैशाचा जमाखर्च स्वतःच्या अक्षरात लिहिला. धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या कार्यालयात विश्वस्तांचे बदल अहवाल, आयकराच्या ८०जी ची सवलत, दर वर्षीचे लेखापरीक्षण, ही कामे कुणाच्या नजरेत येत नाहीत. ती नीट झाली म्हणूनच बँकेतली ठेव सुरक्षित राहिली आणि तिच्या व्याजावर कितीतरी फिया भरल्या गेल्या. व्याजाचे दर उतरले तशी ओढाताणही झाली.

आणि फराळ. भगिनी मंडळाने एका दिवाळीत भाजणीच्या चकल्यांची ऑर्डर घेतली आणि नफा निधीला दिला. पुढल्या वर्षी चकलीबरोबर करंजी आली, नंतर अनारसे. अनारशाचे पीठ घरोघरी आंबत ठेवायचे आणि एकाच दिवशी तळायचे, हे नियोजन मी जवळून पाहिले आहे. कोणत्याही स्पर्धेच्या आयोजनापेक्षा ते काटेकोर असते. आज निधीत वर्षभरात येणाऱ्या रकमेत सर्वांत भरवशाची रक्कम फराळाची आहे. जाहिरातदार बदलतात, नाटक चालते-न चालते, चकली मात्र खपते.

८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि निधीचे क्षेत्र आपोआप वाढले. त्याआधी घाटकोपर-मुलुंडच्या मुलांना आमच्याकडे यायचे तर दादरला गाडी बदलायची किंवा अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर बसमध्ये ताटकळायचे. मध्य आणि पश्चिम रेल्वेची मुले एकमेकांच्या मैदानावर पाहुण्यासारखी जायची. मेट्रोने घाटकोपर ते अंधेरी अंतर एवढे जवळ आणले की शनिवारच्या सरावाला तिकडची मुले येऊ लागली. हातात बॅट, पाठीवर दप्तर आणि दप्तरात डबा. निधीच्या अर्जांवर घाटकोपर, मुलुंड, भांडुप असे पत्ते दिसू लागले. ‘आपल्या विभागातली मुले’ ही अट काहींना ठेवायची होती. सर म्हणाले, जो माझ्या हजेरीत आहे तो माझ्या विभागातला. अट गेली.

आता ज्या गोष्टीवर आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वाद झाला, ती सांगतो.

४ आणि ५ जानेवारी २०१६ ला कल्याणला भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुलविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ साली इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्सने केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. दहावीतला मुलगा, वडील रिक्षाचालक. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याच्या शिक्षणासाठी आणि क्रिकेटसाठी महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. आम्हाला केवढा आनंद झाला! इतकी मोठी संघटना मुलाच्या शिक्षणाचे नाव घेऊन पैसे देते आहे, हे आमच्या कामावर शिक्कामोर्तब वाटले.

२०१७ साली बातमी आली की मुलाच्या धावा होत नाहीत म्हणून त्याच्या वडिलांनी संघटनेला पत्र लिहून ती शिष्यवृत्ती थांबवायला सांगितली. कुणी मागितले नसताना, स्वतःहून. त्या माणसाचा स्वाभिमान पाहून मान लवते. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. शिष्यवृत्ती शिक्षणासाठीही होती. मुलाच्या धावा आटल्या म्हणून त्याची पुस्तके, त्याचे कॉलेज स्वस्त झाले होते का? वडिलांना असे वाटले, यात त्यांची चूक नाही. देणारे आणि टाळ्या वाजवणारे, आपण सगळे मिळून मुलाच्या आयुष्यावर त्या एका धावसंख्येचे ओझे ठेवतो. मग धावा थांबल्या की मदत घेणाऱ्याला आपण कर्जदार आहोत असे वाटू लागते.

पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला, कारण आमच्या अर्जातही एक रकाना होता : ‘गेल्या वर्षातील कामगिरी’. संघातून वगळलेल्या मुलाची मदत पुढे चालू ठेवायची की नाही, हे आम्ही त्या रकान्यावरून ठरवत होतो. म्हणजे शंभर रुपये असोत की दहा हजार, चूक आमचीही तीच होती. एका सभासदांचे म्हणणे होते की लोक खेळाडू घडवायला पैसे देतात, खेळ सोडलेल्याची फी भरली तर देणगीदाराला काय सांगायचे? हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता, आणि ते सभासद स्वतः दर वर्षी मोठी रक्कम देत आले आहेत. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी ते पहिले पावतीपुस्तक मागवले, पहिली स्थळप्रत उघडली आणि ‘कशासाठी’चा रकाना मोठ्याने वाचून दाखवला. “यात कुठे लिहिलंय की धावा केल्या तर?” एवढेच त्या म्हणाल्या.

त्या रात्री तीन गोष्टी ठरल्या. अर्जातून कामगिरीचा रकाना काढला. एकदा नाव यादीत आले की बारावीपर्यंत फी भरायची, मुलगा खेळो वा न खेळो. आणि व्यासपीठावर मुलांना बोलावून पाकीट देणे, फोटो काढणे बंद. फी थेट शाळेच्या कचेरीत भरायची, पावती घरी पोचवायची. शेवटच्या गोष्टीने देणग्या काही काळ घटल्या, हे खरे. फोटो नसला की पाहुण्यांचा उत्साह कमी होतो. काही देणगीदार दुरावले ते परत आले नाहीत. तरीही निधीच्या साऱ्या वाटचालीत मला सर्वांत मोलाची रात्र तीच वाटते.

याच संदर्भात वार्षिक सभेत एकदा पैलवान खाशाबा जाधवांची आठवण निघाली होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि गोळेश्वर-कराडकडच्या लोकांनी हाताला येईल ते दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, कराडकडे त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली आणि मग कुस्त्यांचे फड गाजवून त्यांनी गुरूंचे घर सोडवले, असे सांगतात. सभेत कुणीतरी म्हणाले, आपल्या मुलांनीही असेच परत द्यावे. मला वाटते, खाशाबांनी परत दिले हा त्यांचा मोठेपणा. पण खर्डेकरांनी घर गहाण टाकले तेव्हा पदकाची हमी कुणी दिली नव्हती, आणि आपण त्यांचे अनुकरण करायचे आहे. बेसबॉलच्या मायदेशातही हेच दिसते. १९४७ साली गोऱ्यांच्या लीगमध्ये पाऊल ठेवणारा आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९७२ मध्ये वारला. पुढल्याच वर्षी त्याची पत्नी रेचेल हिने त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढले. ते शिष्यवृत्त्या देते कॉलेजात शिकणाऱ्या गरजू मुलामुलींना. बेसबॉल खेळलाच पाहिजे अशी अट त्यात नाही. ही माहिती मी मुलांना सांगितली तेव्हा एकाने विचारले, “मग त्याच्या नावाचा काय उपयोग?” दुसरीनेच उत्तर दिले, “फी भरायला.”

मार्च २०२० मध्ये मैदानाला कुलूप लागले. नाट्यगृहे बंद, फराळाच्या ऑर्डरी नाहीत, स्मरणिका नाही. शाळा मोबाइलवर सुरू झाली आणि दोन खोल्यांत चार भावंडे एका फोनवर वर्ग करू लागली. निधीच्या इतिहासात प्रथमच ‘कशासाठी’च्या रकान्यात ‘रिचार्ज’ हा शब्द आला. ठेवीला हात लावायचा नाही हा दंडक खजिनदार काकांनी स्वतःच मोडला. त्यांनी फोनवर सांगितले, “ठेव पावसाळ्यासाठीच असते, आणि हा पावसाळाच आहे.” दुसऱ्या लाटेत काका गेले. त्यांची शेवटची नोंदवही कपाटात आहे. अखेरच्या पानावर सगळ्या मुलांच्या शाळांची नावे आणि भरायची रक्कम लिहून ठेवलेली आहे, पुढे येणाऱ्याला शोधाशोध नको म्हणून.

निधीतून शिकलेल्यांची यादी इथे छापावी असा आग्रह झाला होता. मी ती दिली नाही, कारण नावे जाहीर करायची नाहीत असे आपणच ठरवले आहे. एवढे सांगतो की त्यांत परिचारिका आहेत, रेल्वेत लागलेले आहेत, एक जण मेट्रोच्या कामावर अभियंता आहे, दोघी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका आहेत. डावखुऱ्या मुलीने बारावीनंतर खेळ सोडला आणि ती हिशेबनीस झाली. निधीचे जमाखर्च सध्या तीच लिहिते. ग्लव्ज मात्र संघाकडेच आहे. वेणी दोनदा बदलली. शनिवारी तो ज्याला लागेल त्याला नोंद करून देतात.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि क्रिकेट असे तिन्ही खेळ असणार आहेत. मैदानावर त्याची चर्चा सुरू झाली आहे आणि अर्जही वाढले आहेत. यंदाच्या जूनच्या यादीवर कार्यकारिणीने सह्या केल्या. यादीत सर्वांत वर ज्याचे नाव आहे तो मुलगा घाटकोपरचा, अकरावीतला. चांगला पिचर होता. गेल्या दिवाळीनंतर तो सरावाला आलेला नाही. वडिलांचे दुकान त्याला सांभाळावे लागते, खेळ सुटला असे त्याने स्वतःच सरांना कळवले, आणि यादीतून नाव काढा असेही. नाव काढलेले नाही. सोमवारी त्याच्या कॉलेजात फी भरायची आहे. पावती घरी नेऊन द्यायला सर जाणार आहेत, मेट्रोने.